सेल्विनचं डुक्कर, डोरकसचा बिशप

सेल्विन बुलेला छप्पन्न वर्षं पूर्ण झाली तरी नाकामालात कावाची करवंटी त्याच्या हातात सातवी यायची. संध्याकाळी गावातले पुरुष नाकामालात, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या झोपडीत, जमतात, कावाची मुळं कुटून त्याचं कडूजहर पाणी काढतात आणि मानाप्रमाणे एकेक जण करवंटी रिकामी करतो. मान ठरतो तो त्या माणसानं आयुष्यात कसलं डुक्कर मारलंय त्यावर. सेल्विननं मारलेली डुकरं सगळी लग्नाबारशातली, साधी. लोकांनी खाल्ली आणि विसरली. त्याचा चुलतभाऊ रूबेन त्याच्याहून पंधरा वर्षांनी धाकटा. पण त्यानं अडतिसाव्या वर्षीच पूर्ण वळलेल्या सुळ्यांचं डुक्कर मारलं आणि 'विरा' हे मोठं नाव मिळवलं. तेव्हापासून रूबेनची करवंटी तिसरी. सेल्विनपर्यंत तळचा गाळ यायचा, आणि तो गाळ घशाखाली उतरत असताना रूबेन न चुकता म्हणायचा, "दादा, खरी ताकद गाळातच असते हं."

असलं डुक्कर तयार करणं म्हणजे खायचं काम नाही. पिल्लू असतानाच त्याचे वरचे सुळे पाडायचे, म्हणजे खालच्या सुळ्यांना अडायला काही राहत नाही. ते वर येतात, मागे वळतात आणि सहा-सात वर्षांत बांगडीसारखे फिरून पुन्हा जबड्याला भिडतात. तोवर त्याला जमीन उकरू द्यायची नाही, कडक चावू द्यायचं नाही, डोकं आपटू द्यायचं नाही. शिजवलेल्या अळकुड्या कुस्करून, नारळाच्या दुधात कालवून घास भरवायचे. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याची एवढी बडदास्त आजवर कुणी ठेवलेली नाही, पण म्हाताऱ्याला सुळे नसतात, त्याला कोण काय करणार. सेल्विनच्या पहिल्या डुकराचा सुळा पाचव्या वर्षी दगडावर आपटून तुटला. दुसरं डुक्कर वादळात ओढ्याच्या पुरातून वाहून गेलं. दोन्ही वेळा सेल्विन आठवडाभर कुणाशी बोलला नाही, आणि डोरकस, त्याची बायको, कोपऱ्यात जाऊन रडली. नाव हुकलं म्हणून तो गप्प होता. ती कशाला रडते हे काही त्यानं विचारलं नाही.

हे तिसरं. सातवं वर्ष सरत आलेलं, सुळे बोटभर अंतर सोडलं तर जबड्यापर्यंत पोचलेले. नाव देण्याचा समारंभ कोनफळांची काढणी झाल्यावर ठरला होता, तीन गावांना निरोप गेले होते. पाहुणा आला की सेल्विन त्याला कुंपणापाशी नेऊन दाखवायचा, "हे माझं डुक्कर." या सात वर्षांत त्यानं आपल्या डुकराला एकदाही घास भरवला नव्हता. ते बायकांचं काम. मोठ्या माणसानं मोठ्या गोष्टींकडे बघावं, आणि सेल्विन लांबून सुळ्यांकडे बघायचा.

डुकराला बिशप हे नाव डोरकसनं दिलेलं. डुलत डुलत चालायचा, पोट पुढे, आणि कुणी समोर आलं की थांबून आधी त्याला नीट न्याहाळायचा. एकदा खरेच बिशपसाहेब बोटीनं गावात आले, तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि प्रार्थनेचं पुस्तक तोंडापुढे धरून हसल्या. सेल्विनला हे नाव पसंत नव्हतं. डुकराला कशाला नाव, असं तो म्हणायचा. नाव मिळायचंय ते मला.

समारंभाला आठ आठवडे उरले असताना राजधानीहून, व्हिलाहून, जोसलिनचा फोन आला. ही त्यांची एकुलती मुलगी. पहिलंच बाळंतपण, मूल आडवं आलंय, आईला पाठव म्हणाली. डोरकसनं दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली.

"डुकराचं काय?" सेल्विननं विचारलं.

"पोरीचं काय ते विचार आधी."

"विचारतोच आहे की. आणि डुकराचं काय?"

"अळकुड्या तिन्हीत्रिकाळ शिजवायच्या. दूध ताजं हवं, सकाळचं संध्याकाळी चालत नाही त्याला. आणि घाई करायची नाही. त्याच्यापाशी बसायचं जरा."

"डुकरापाशी बसायचं? मी?" सेल्विन हसला. "अगं, त्याला पोट आहे. भूक लागली की येईल झक मारत. तू जा, इकडची काळजी करू नकोस."

"तुझी नाही करत," ती म्हणाली आणि निघाली.

पहिल्या दिवशी सेल्विननं अळकुड्यांचं टोपलं कुंपणात ठेवलं आणि तो नाकामालात गेला. परत आला तर टोपलं जसंच्या तसं, वर मुंग्या. दुसऱ्या दिवशी त्यानं नारळाचं दूध जास्त ओतलं. बिशपनं येऊन वास घेतला, सेल्विनच्या पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि पाठ फिरवली. नुसती पाठ नाही, शेपटीकडची बाजू बरोबर त्याच्या तोंडासमोर आणून बसला. सेल्विन पलीकडून गेला, तर तोही फिरला. तिसऱ्या दिवशी सेल्विननं पाहुण्यांसाठी ठेवलेला टिनातला मासा फोडला. मासा कुत्र्यानं खाल्ला. आणि त्या संध्याकाळी बिशपनं नवीनच धंदा आरंभला. कुंपणाच्या दाराशी जायचं, वाटेकडे तोंड करायचं, किंचाळायचं आणि दाराच्या खांबावर सुळा घासायचा. खर्र, खर्र. सुळा तुटला तर पुन्हा पिल्लापासून सुरुवात. पुन्हा सात वर्षं. म्हणजे तो त्रेसष्ट वर्षांचा होणार, तोवर जगला वाचला तर.

तो तडक नाकामालात चीफ बार्नबसांकडे गेला. बार्नबस म्हणजे आमच्याकडचे सगळ्यांत वडील विरा. पहिली करवंटी त्यांची.

"किती दिवस झाले?"

"तीन, चीफ."

"पाणी पितं?"

"पितं. माझ्याकडे पाठ करून पितं."

चीफनी डोळे मिटले. बार्नबसांनी डोळे मिटले की गाव श्वास रोखतं. उघडल्यावर जे बाहेर पडतं त्याला कुणी नाही म्हणत नाही. "डुकराची नजर अधू असते," ते म्हणाले. "त्याला माणूस कुठे दिसतो? कपडा दिसतो. रंग दिसतो. डोरकसचा झगा घाल तू."

कुणी हसलं नाही. डुकरांच्या बाबतीत आम्ही पुरुष भारी जाणते. पिढ्यान् पिढ्या आम्ही त्यांना मारत आलोय. रूबेन अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "आणि दादा, डोक्याला रुमालसुद्धा. तो फुलाफुलांचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्विन बुले, वय छप्पन्न, होऊ घातलेला विरा, बायकोचा रविवारचा निळा झगा घालून घराबाहेर पडला. झग्याला बाह्यांवर लेस होती आणि दोन्ही बाजूंना रिबिनी. खांद्यात तो घट्ट होत होता, पोटावर मात्र अगदी बेतून शिवल्यासारखा बसला होता. कुंपणाभोवती अख्खं गाव सहज फिरायला म्हणून आलेलं. सेल्विन डोरकससारखा डुलत चालला, टोपलं कमरेवर धरलं, आणि आवाज बारीक करून म्हणाला, "ये रे ये, बाळा."

बिशप उठला. कान टवकारले. लगबगीनं दाराशी आला आणि झग्यात तोंड खुपसून त्यानं लांब श्वास घेतला. सेल्विननं टोपलं पुढे केलं. बिशपनं हळूच मान वर केली, झग्याच्या वरच्या टोकाला जे तोंड होतं ते पाहिलं, आणि त्याच्या गळ्यातून असा काही आवाज निघाला की शेजारची मेबल नंतर म्हणाली, माझी सासू वारली तेव्हासुद्धा मी असा आवाज काढला नव्हता. मग त्यानं झग्याची लेस दातांत धरली आणि ओढली. झगा टरकला. ती लेस तोंडात घेऊन बिशप कोपऱ्यात गेला, ती खाली ठेवली, तिच्यावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटून घेतले.

"बघितलंत?" सेल्विन लोकांना म्हणाला. "निदान आला तरी!"

पण लोक ऐकायच्या परिस्थितीत नव्हते. काही खाली बसले होते, काही झाडाला धरून उभे होते. त्या संध्याकाळी नाकामालात सातवी करवंटी पुढे करताना रूबेन म्हणाला, "घ्या, मिसेस बुले."

सेल्विन घरी आला आणि पायरीवर डोकं धरून बसला. कुंपणापलीकडून मेबल ओरडली. तिला न कळता गावात पानसुद्धा गळत नाही. "अरे सेल्विन, तुला खरंच माहीत नाही का रे?"

"काय माहीत नाही?"

"ती त्याच्याशी बोलते. आधी बोलणं, मग जेवण. सात वर्षं मी रोज ऐकतेय. तू नाकामालाच्या वाटेला लागलास की ही बादली पालथी घालून बसते आणि सुरू होते."

"डुकराशी? काय बोलते?"

"सगळं," मेबल म्हणाली आणि आत निघून गेली. मेबलनं एखादी गोष्ट अर्धवट सोडून आत जाणं हे गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे सेल्विन जास्तच घाबरला.

म्हणून मग तोही बोलायला बसला. बादली पालथी घातली, घसा खाकरला. पण डुकराशी बोलायचं काय? त्याला एकच बोलणं येत होतं, समारंभातलं. त्यानं पणजोबापासून सुरुवात केली. कुणी कुठल्या वर्षी किती डुकरं मारली हे तो सांगत गेला, आणि तिसऱ्या पिढीपर्यंत आल्यावर त्याच्या लक्षात आलं की श्रोत्याच्या दृष्टीनं विषय जरा नाजूक आहे. बिशपनं जांभई दिली.

शेवटी सेल्विननं मान खाली घालून व्हिलाला फोन लावला.

"खाल्लं का त्यानं?" डोरकसचा पहिला प्रश्न.

"जोसलिन कशी आहे?"

"दवाखान्यात ठेवलंय. खाल्लं का?"

"चार दिवस काही नाही. खांबावर सुळा घासतं."

डोरकस म्हणाली, "फोन त्याच्याजवळ धर. मोठा आवाज कर. नाही, थांब, कुंपणावर ठेव आणि तू जा. तू असलास की त्याला घास जात नाही."

"बरं," सेल्विन म्हणाला. फोन कुंपणावर ठेवला असता तर बिशपनं तो पहिल्या घासाला खाल्ला असता, म्हणून सेल्विननं तो हातात धरला. जातो म्हणाला आणि गेला नाही. खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. सत्य सांगायची फक्त वेळ गेली.

"बिशप? ए माझ्या राजा," फोनमधून आवाज आला, आणि सेल्विननं चमकून फोनकडेच पाहिलं. हा आवाज त्यानं घरात कधी ऐकला नव्हता. "जेवला नाहीस म्हणे? कुणावर रुसलास? त्या खुळ्यावर? अरे, त्याच्यावर रुसून कुठे पोट भरतं? मी एकतीस वर्षं करून पाहिलंय."

बिशप धडपडत उठला. फोनला नाक लावलं, मागे जाऊन पाहिलं, पुन्हा पुढे आला. मग तोंडातल्या तोंडात, हं हं हं करत, तो चक्क उत्तरं द्यायला लागला. ती थांबली की हा बोलायचा, ती बोलायला लागली की हा गप्प. एवढी रीत नाकामालातसुद्धा कुणी पाळत नाही. सेल्विननं दुसऱ्या हातानं अळकुडीचा गोळा पुढे केला. बिशपनं त्याच्याकडे न बघता तो खाल्ला.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी हेच. नाकामालात सेल्विनची जागा रिकामी राहू लागली, आणि कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही, कारण गाळाला गिऱ्हाईक मिळतंच. सेल्विन पालथ्या बादलीवर बसायचा, एका हातात फोन, एका हातात गोळा. डोरकस डुकराला सगळं सांगायची. गुडघे दुखतात. व्हिलात कोनफळाला चव नाही. जावई बरा आहे, पण दात न घासता बोलतो. जोसलिनला रात्रभर कळा येऊन गेल्या आणि काही झालं नाही. "मला भीती वाटते रे," ती एकदा म्हणाली. "पोरीसमोर हसते मी. पण पाय लटलट कापतात." बिशप हलला नाही. मग पुढे आला आणि त्यानं आपलं जड डोकं समोर जो पाय होता त्याच्यावर टेकवलं. पाय सेल्विनचा होता. पायाला मुंग्या आल्या तरी सेल्विननं तो काढून घेतला नाही.

आणि एका संध्याकाळी तिनं जोनसचं काढलं. जोनस त्यांचा मुलगा, जोसलिनच्या पाठचा. दोन वर्षांचा होऊन गेला. त्याला जाऊन आता बावीस वर्षं झाली.

"त्याला ताप आला तेव्हा बोट नव्हती, तुला ठाऊकच आहे. चौथ्या दिवशी गेला. जोसलिनचा बाप दारात आला, उभा राहिला आणि म्हणाला, माणसं येतील, कोनफळं उकडायला टाक. एवढंच. मी टाकली. मग वाट बघितली, की माणसं गेल्यावर काहीतरी बोलेल. अजून बघतेय."

सेल्विनला तो दिवस लख्ख आठवत होता. माणसं आली होती आणि कोनफळं लागली होती. आपण योग्य तेच बोललो असं तो बावीस वर्षं समजत आला होता. आता फोनमध्ये ओरडून सांगावं, अगं, मला दुसरं काही सुचलंच नाही, असं त्याला फार वाटलं. पण तो तर तिथे नव्हता. त्याला ठसका लागला.

फोनमधला आवाज थांबला. "कोण आहे तिथे?"

बिशपनं हुंकार दिला.

"तूच होय. मला वाटलं दुसरंच जनावर आहे कुणी." ती पुन्हा बोलायला लागली, जरा सावकाश. "आणि हे बघ, त्याच्या खोकल्याकडे लक्ष ठेव. वाढला तर मेबलला हाक मार."

तिला कळलं होतं की नव्हतं, हे सेल्विनला कधी समजलं नाही. विचारायची सोय नव्हती.

जोसलिनला मुलगी झाली. पोट फाडून काढावी लागली, पण दोघी सुखरूप राहिल्या. समारंभाला एक आठवडा उरला असताना डोरकस परत आली. ती अजून ओढ्यापलीकडे होती, तेव्हाच बिशपनं कुंपणाला धडका द्यायला सुरुवात केली. ती आत शिरल्यावर तो तिच्याभोवती गोल गोल पळाला, किंचाळला, खाली लोळला, पुन्हा उठून पळाला. एवढं धूड आणि पिल्लासारखं नाचत होतं. सेल्विन मागे पिशवी घेऊन उभा होता.

"वाळलास," ती म्हणाली.

"मी?"

"तू नाही रे. तो." मग तिनं सेल्विनकडे पाहिलं. "तूही."

दोन दिवसांनी चीफ बार्नबस आले, त्यांनी वाकून दोन्ही सुळे पाहिले. टोक जबड्याला भिडलं होतं, दोन्हीकडे. "झालं," ते म्हणाले. गावात बातमी पसरली. सेल्विन त्या दिवशी दोनदा उगाचच गावाला फेरी मारून आला.

समारंभाच्या सकाळी डोरकसनं बिशपला पोटभर खाऊ घातलं, अंगावर पाणी ओतून स्वच्छ केलं, दोर बांधला आणि त्याचं टोक सेल्विनच्या हातात दिलं.

"मी येणार नाही," ती म्हणाली. "इथवर मी आणलं. पुढचं तुम्हा पुरुषांचं."

"तीन गावांच्या बायका आल्यात."

"येऊ देत."

सेल्विन कमरेला समारंभात नेसायची विणलेली तांबडी चटई, केसांत पिसं अशा थाटात निघाला. वडाच्या झाडापर्यंत बिशप गुमान आला. तिथे त्यानं मागे वळून पाहिलं. डोरकस मागे नव्हती. त्यानं चारही पाय जमिनीत रोवले आणि ओरडायला सुरुवात केली. चौघांनी मिळून त्याला नाचाच्या मैदानापर्यंत ओढत नेलं. लाकडी ढोल वाजत होते, माणसं ओरडत होती, आणि मधोमध खांबाला बांधलेला बिशप जिवाच्या आकांतानं डोकं झाडत होता. खाड् आवाज झाला. सुळा खांबावर आदळला होता. ढोल थांबले. चीफ बार्नबस पळत आले, वाकून पाहिलं.

"टवका उडालाय. तुटला नाही अजून." त्यांनी सेल्विनकडे पाहिलं. "आणखी एकदा आपटला तर गेलं सगळं. मोडक्या सुळ्यावर नाव देत नाही मी. डोरकसला आण."

"एखाद्या पोरीला पाठवतो," रूबेन म्हणाला.

"पोरीला नाही," चीफ म्हणाले. "हा जाईल."

म्हणून तीन गावांच्या देखत, पिसं सांभाळत, चटई एका हातानं धरून सेल्विन बुले घराकडे पळत सुटला. डोरकस पायरीवर बसून कोनफळ सोलत होती. दोघांनाही मैदानावरचा आवाज ऐकू येत होता.

"चल," तो धापा टाकत म्हणाला.

"सांगितलं ना एकदा."

"सुळा तुटेल."

"तुटू दे." तिची सुरी चालूच होती. "दोन तुटले-वाहिले तेव्हा मेलो का आपण?"

सेल्विनच्या तोंडात समारंभाचं भाषण तयार होतं. पूर्वज, घराण्याचं नाव, सात वर्षं, रूबेन. तो सगळं बोलणार होता. पण तेवढ्यात मैदानाकडून पुन्हा ती किंकाळी आली, आणि त्याच्या तोंडून वेगळंच गेलं. "तुला हाका मारतोय गं तो. सगळ्या माणसांत तुलाच शोधतोय."

डोरकसची सुरी थांबली. "बहिरी नाही मी," ती म्हणाली. कोनफळ खाली ठेवलं, हात झग्याला पुसले, आणि उठली. "तुझ्या नावासाठी येत नाहीये. त्यानं भिऊन मरू नये म्हणून येतेय. नीट कळलं?"

"कळलं."

"आणि एकदाच मार. दुसऱ्यांदा सोटा उचलायचा नाही."

मैदानाच्या कडेला येताच तिनं हाक दिली. मोठ्यानं नाही. बिशपचा आवाज मध्येच तुटला. ती गर्दीतून पुढे गेली, त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली, त्याच्या कानामागे खाजवत पुटपुटू लागली. बिशप थरथरत होता, तो हळूहळू शांत झाला. त्यानं हं हं केलं. डोकं तिच्या मांडीपाशी टेकवलं आणि डोळे मिटले. सेल्विननं सोटा उचलला. जनावर असं शांत उभं असेल तर काम सोपं होतं असं आम्ही सगळे मानतो. सेल्विनला तो सोटा उचलताना आयुष्यात उचललेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जड वाटला. त्यानं एकदाच मारलं.

ढोल वाजले. चीफ बार्नबसांनी दोन्ही सुळे वर धरून दाखवले आणि नाव पुकारलं, आणि तीन गावांनी ते तीनदा ओरडून घेतलं. विरा! डोरकस कधी उठली आणि कुठून गेली, कुणी पाहिलं नाही. सगळे विराकडे बघत होते.

संध्याकाळी नाकामालात दुसरी करवंटी त्याची आली. रूबेन आता चौथा. "घ्या, विरा," तो म्हणाला, आणि या वेळी चेहरा खरोखरच गंभीर होता. सेल्विननं करवंटी रिकामी केली. वरचा कावाही गाळाइतकाच कडू लागतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. सगळे त्याच्या भाषणाची वाट पाहत असताना तो उठला आणि ऊन पुरतं उतरायच्या आत घरी आला.

डोरकस रिकाम्या कुंपणात पालथ्या बादलीवर बसली होती.

"लवकर आलात, विरा?"

"सेल्विन म्हण."

ती म्हणाली, "आता मी बोलू कुणाशी?" रडत नव्हती. घरात मीठ संपलं की विचारावं तसं विचारत होती.

"माझ्याशी बोल."

"तू मध्येच बोलतोस."

सेल्विन खाली मातीत बसला. पिसं अजून केसांत होती. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तो गप्प राहिला.

"बरं, ऐक तर," ती म्हणाली. "आज मी एकाला फसवलं. माझ्या आवाजाशिवाय तो खात नव्हता. माझा आवाज आला तेव्हा त्याला वाटलं, आली, आता काही होणार नाही. मी त्याला तसं वाटू दिलं. तुझा सोटा वर गेलेला मला दिसत होता, आणि मी त्याच्या कानात म्हणत होते, काही नाही रे, काही नाही."

सेल्विनकडे उत्तर होतं. तिनं काही चूक केलेली नाही, हीच रीत आहे, डुक्कर याच्यासाठीच वाढवतात, आणि ते न भिता गेलं ते तिच्यामुळेच. सगळं खरं होतं आणि जिभेवर होतं. त्यानं तोंड उघडलं. मग तिच्या हातांकडे पाहिलं आणि मिटलं. त्या दिवशी आमच्या गावच्या नव्या विरानं केलेलं सगळ्यांत अवघड काम ते हेच, आणि ते पाहायला कुंपणापलीकडच्या मेबलखेरीज कुणी नव्हतं.